वाईला जागा उरते, कवठेमहांकाळला पुरत नाही

सातारा जिल्ह्यात तालुके ११, सांगलीत १०. महसूल खात्याच्या लेखी हे एकवीसही तालुके सारखेच. पण सातारा-सांगलीच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात विचारून पाहावे. तिथला ऑपरेटर त्यांची वेगळीच प्रतवारी सांगतो. पहिल्या प्रतीत वाई, माण आणि जत. ही सज्जन मंडळी. दोन अक्षरांत आटोपतात, ओळीच्या शेवटी बोटभर जागा उरली तरी अंग चोरून बसतात. दुसऱ्या प्रतीत कराड, पाटण, फलटण, तासगाव, पलूस. यांना जरा सरकून घ्या म्हणावे लागते, पण भांडत नाहीत. तिसऱ्या प्रतीत महाबळेश्वर आणि कवठेमहांकाळ. हे ओळीच्या शेवटी आले की बसले तर सगळे बसतात, नाहीतर सगळ्या लवाजम्यासह खालच्या ओळीत उतरतात. वर मागे राहतात दोन-तीन शब्द, आणि या बड्या पाहुण्याने सोडलेली मोकळी जागा त्यांनी आपापसांत वाटून घ्यायची असते.

या वाटणीलाच छपाईच्या धंद्यात 'मॅटर जस्टिफाय करणे' म्हणतात. डावी कड सरळ आणि उजवीही सरळ. कंट्रोल, शिफ्ट आणि जे या तीन कळा एकदम दाबल्या की काम झाले. पाने लावायच्या जुन्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये याच कळा होत्या, आजच्या इनडिझाइनमध्येही याच आहेत. आत घडते तेही साधेच. ओळीत मावतील तेवढे शब्द भरायचे, उरलेली जागा मोजायची आणि शब्दांमधल्या फटींत सारखी वाटायची. ओळीत दहा शब्द असले तर फटी नऊ. अठरा पॉइंट जागा उरली तर प्रत्येक फटीच्या वाट्याला दोन पॉइंट येतात, वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ओळीत तीनच शब्द असले तर फटी दोन, आणि तेच अठरा पॉइंट नऊ-नऊ असे विभागले जातात. बारा पॉइंटच्या अक्षरात नऊ पॉइंटची जादा फट पडली की शेजारचे दोन शब्द एकाच वाक्यातले आहेत यावर विश्वास बसत नाही.

म्हणजे सगळा खेळ ओळीत किती शब्द मावतात यावर. आणि इथेच मराठीचे घोडे पेंड खाते.

इंग्रजीत 'इन', 'टू', 'ऑफ', 'फॉर' असली दोन-तीन अक्षरांची मंडळी वाक्यात सुटी हिंडत असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना एकेक फट असते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागच्या शब्दाला चिकटवूनच लिहायची. 'जिल्हाधिकाऱ्यांमार्फत', 'निवडणुकीसंदर्भात', 'कारखान्यासमोरसुद्धा'. इंग्रजीत जिथे दोन-तीन फटी हाताला लागल्या असत्या, तिथे मराठीत एकसंध कातळ. त्यात सांगलीची महानगरपालिका. १९९८ मध्ये ती स्थापन झाली आणि नाव ठरले 'सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका'. तिन्ही गावांचा मान राखला गेला, फक्त वर्तमानपत्राचा रकाना साधारण चार सेंटिमीटरचा असतो हे कोणी विचारात घेतले नाही. 'सांगली मिरज आणि' इथवर ठीक चालते. मग 'महानगरपालिकेच्या', 'स्थायी समितीच्या', 'सभापतिपदाच्या', 'निवडणुकीसाठी' अशी एकापाठोपाठ एक गाडी येते. ओळीत एक किंवा दोनच शब्द. दोन असले तर एक डाव्या भिंतीला, एक उजव्या भिंतीला, मध्ये कबड्डीचे मैदान.

इंग्रजीला आणखी एक पळवाट आहे. शब्दांमधली फट फार वाढायला लागली की अक्षरांमध्ये केसभर जागा सोडायची. इंग्रजी अक्षरे मुळातच सुटी उभी असल्यामुळे थोडे दूर सरकली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मराठी अक्षरे शिरोरेषेला धरून असतात. त्यांच्यात जागा घातली की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जुन्या काही फॉन्टमध्ये 'ख'चा पुढचा भाग एका कळेवर आणि त्याचा काना दुसऱ्या कळेवर असे. अशा फॉन्टला अक्षरांतले अंतर वाढवून पाहिले की अक्षरांचीच फाळणी व्हायची. काना आपल्या 'ख'पासून दूर उभा राहून पुढच्या अक्षराशी सलगी करायचा.

इनडिझाइनमध्ये तर ओळीत एकच शब्द उरला तर काय करायचे यासाठी वेगळी सोय आहे, आणि हात न लावता ती 'पूर्ण ताणा' यावरच असते. 'संस्थेचे' हा एकटा शब्द ओळीत सापडला की सॉफ्टवेअर त्याला दोन्ही हातांनी धरून ओढते. मग 'सं' डाव्या कडेला, 'स्थे' मध्यावर, 'चे' उजव्या कडेला. शिरोरेषेचे तीन तुकडे. पतसंस्थेच्या अहवालात असा शब्द दिसला तर ठेवीदाराने तो संस्थेच्या आर्थिक स्थितीचा इशारा समजू नये.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला होता. फटच ठेवायची नाही! मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचा. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. साताऱ्याच्या गादीचा कारभार याच लिपीत चालला. कडा सरळ, मधल्या फटी शून्य, ऑपरेटरची कटकट नाही. वाचताना ज्यांना घाम फुटतो ते आजचे मोडीचे विद्यार्थी. त्या काळच्या फडणिसांना त्याचे काही वाटत नव्हते.

छपाई आली तीही या भागात चोरपावलांनी आणि जरा वेगळ्याच वाटेने. पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने एक कारागीर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकला. नाना गेल्यावर त्याला आसरा दिला तो मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी, आणि १८०५ मध्ये मिरजेत भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. सुटे खिळे नाहीत, सगळे पान एकसंध कोरलेले. कोरणाऱ्याला पुढची अक्षरे दिसत असत. जागा कमी पडते आहे असे वाटले तर चार अक्षरे दाटीवाटीने कोरून तो ओळ पुरी करू शकत होता. मजकूर लावणारे यंत्र आणि मजकूर समजणारा माणूस एकाच अंगरख्यात असण्याचा तो फायदा.

खुद्द योहान गुटेनबर्गनेही हेच केले होते. १४५५च्या सुमारास छापलेल्या त्याच्या बायबलच्या कडा इतक्या सरळ आहेत की आजच्या ऑपरेटरने मान खाली घालावी. त्यामागची युक्ती अशी की त्याने एकाच अक्षराचे कमी-जास्त रुंदीचे खिळे पाडून ठेवले होते आणि लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपेही वापरली. जागा नसेल तिथे शब्दच आखूड करायचा. सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनचे नाव असे आखूड करून पाहावे म्हणजे युरोप आणि वाळवा तालुका यांतला फरक कळतो.

खिळ्यांचे युग आले तेव्हा फटीला वजन आले, अगदी शब्दशः. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातातल्या स्टिकमध्ये शब्दांच्या मधली जागासुद्धा शिशाचा तुकडा असायची. एक एम, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढी रुंदी, घ्यायचा. त्याचे तीन भाग केले की जाड स्पेस, चार केले की मधली, पाच केले की पातळ. याहूनही बारीक फरक उरला तर पितळेची पट्टी, नाहीतर कागदाची चिपाटी. ओळ स्टिकमध्ये घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर फर्मा उचलताना खिळे गळून पडायचे आणि जुळाऱ्याचा सगळा दिवस जमिनीवर विखुरलेला मिळायचा. त्यामुळे प्रत्येक ओळीत फट कुठे वाढवायची आणि कुठे चोरायची हा निर्णय एका जित्याजागत्या माणसाच्या बोटांनी घेतलेला असे. स्वल्पविरामानंतर थोडी कमी, पूर्णविरामानंतर थोडी जास्त. हे त्याला कोणत्याही खिडकीत टक्के भरून सांगावे लागत नसे.

अशा बोटांची सातारा-सांगलीत वाण नव्हती. औंधात पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांच्या संहिता छापल्या. संधी झालेल्या वैदिक शब्दांपुढे 'महानगरपालिकेच्या' म्हणजे बालवाडीतले मूल. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. नांगर आणि चरक बनवणाऱ्या गावातून मराठी मध्यमवर्गाचे वाचन घराघरांत जात राहिले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे शिकलेले चित्रकार, त्यामुळे पान डोळ्यांना कसे दिसते याची त्यांना चाड होती. आणि वाईला तर मराठी विश्वकोशच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने तो हाती घेतला, १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि पुढे खंडांची संख्या वीसवर गेली. पान दोन रकान्यांचे, मजकूर दोन्ही कडांना सरळ, आणि आत 'प्रकाशसंश्लेषण' व 'ऊष्मागतिकी' यांसारखे पाहुणे. दोन अक्षरांच्या वाई गावाने बारा-बारा अक्षरांचे शब्द रकान्यात बसवायचा धंदा पत्करावा, ही नियतीची थट्टा म्हणायची.

हे सगळे जमत होते त्यामागे एक साधी गोष्ट होती. जुन्या मराठी पुस्तकांत ओळीच्या शेवटी शब्द तोडत असत. 'महानगर-' वरच्या ओळीत, 'पालिकेच्या' खालच्या ओळीत, मध्ये आडवी रेघ. वाचकालाही सवय होती. मग संगणक आला आणि ही आडवी रेघ मराठीतून हद्दपार झाली. तिची हकिकत मजेदार आहे.

पेजमेकर १९८५ मध्ये आल्डस कंपनीने काढला. १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीकडे गेली आणि २००१ मध्ये ७.० ही शेवटची आवृत्ती आली. मराठी छपाईत तो रुजला तो पुण्याच्या मंडळींमुळे. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉन्ट घरोघरी झाले. पण या फॉन्टची गंमत अशी की मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली. पडद्यावर 'कवठेमहांकाळ' दिसे. पेजमेकरच्या मते तो कुणा वेड्याने इंग्रजीत बडवलेला शब्द असे. शब्द तोडायची सोय चालू ठेवली की पेजमेकर आपल्या इंग्रजी नियमांनी त्या बडबडीचे तुकडे पाडायचा. व्यंजन वरच्या ओळीत आणि त्याची वेलांटी खालच्या ओळीत. काही फॉन्टमध्ये तर आडव्या रेघेच्या जागी भलतेच चिन्ह बसवलेले असल्यामुळे तोडलेल्या ठिकाणी रेघेऐवजी तेच उमटायचे. तेव्हा डीटीपी शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी एक मंत्र मिळायचा: हायफनेशन बंद. तो मंत्र तीस वर्षे टिकला. रोग गेला तरी पथ्य चालूच.

रोग गेला म्हणजे काय, तर युनिकोड आले आणि मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा मिळाल्या. इनडिझाइनच्या २०१२च्या सीएस-६ आवृत्तीपासून मराठीसाठी शब्द तोडायचा आणि शुद्धलेखनाचाही कोश सोबत मिळू लागला. आता सॉफ्टवेअरला कळते की हे मराठी आहे. अट एकच: त्याला ते सांगावे लागते. मजकुराची भाषा निवडायच्या खान्यात 'मराठी' असे नेमावे लागते. बहुसंख्य फायलींत तिथे अजून अमेरिकेची इंग्रजी सुखाने नांदत असते.

आता त्या टक्केवारीच्या खिडकीकडे. पेजमेकर आणि इनडिझाइन दोघेही शब्दांमधल्या फटीसाठी तीन आकडे मागतात: कमीत कमी, हवी तेवढी आणि जास्तीत जास्त. पेजमेकरचे मूळ आकडे ७५, १०० आणि १५०. इनडिझाइनचे ८०, १०० आणि १३३. शंभर टक्के म्हणजे त्या फॉन्टमधल्या कोऱ्या जागेची जेवढी रुंदी असेल तेवढी. त्यामुळे तेच आकडे एका फॉन्टला सैल आणि दुसऱ्याला घट्ट पडतात. नवशिका ऑपरेटर समजतो की १३३ लिहिले म्हणजे फट त्यापलीकडे जाणार नाही. सांगलीकराला यातली चूक समजावून देणे फार सोपे आहे. १९२९ च्या आयर्विन पुलावर कृष्णेच्या पाण्यासाठी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट ठरलेली आहे. म्हणून काही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचेचाळीसला थांबले नाही. ते ५७ फुटांवर गेले. खिडकीतला कमाल आकडा तसाच. ओळीत दोनच शब्द असले तर सॉफ्टवेअर आकडा वाचते, मान डोलावते आणि फट चारशे टक्के करून मोकळे होते. कड सरळ ठेवा म्हणून तुम्हीच सांगितलेले असते.

इशारा मात्र ते देते. इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपोझिशनच्या पानावर एक खूण केली की मर्यादा मोडलेल्या ओळी पडद्यावर पिवळ्या होतात. थोडी मोडली तर फिकट पिवळी, फार मोडली तर गडद. चार रकान्यांच्या मराठी पानावर ही सोय एकदा चालू करून पाहावी. जेजुरीचा भंडारा उधळल्यासारखे पान दिसते. बहुतेक ऑपरेटर ही खूण एकदाच करतात आणि लगेच काढून टाकतात. आपल्या पापांचा हिशेब रोज डोळ्यांसमोर कोणाला हवा असतो?

पेजमेकर ओळीमागून ओळ लावत जायचा. पहिली ओळ त्याने छान जमवली म्हणून तिसरी बिघडली, तरी त्याचे मागे वळून पाहणे नाही. डोनाल्ड नुथ आणि मायकेल प्लास या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक निबंध लिहून वेगळी रीत मांडली. प्रत्येक ओळ किती वाईट दिसते याला गुण द्यायचे आणि सगळ्या परिच्छेदाचा वाईटपणा मिळून कमीत कमी राहील अशा बेताने ओळी तोडायच्या. म्हणजे तिसऱ्या ओळीचे भले होणार असेल तर पहिलीने थोडी झळ सोसायची. इनडिझाइनचा 'पॅराग्राफ कंपोझर' याच रीतीने काम करतो. पण त्याचा एक परिणाम ऑपरेटरच्या जिवावर येतो. शेवटच्या ओळीत प्रूफातली एक वेलांटी दुरुस्त केली की वरच्या चार ओळी आपापल्या जागा बदलतात. काल तपासून पास केलेले पान आज निराळेच. प्रूफ तपासणारे गुरुजी म्हणतात, "मी हे असं पाहिलंच नव्हतं." खरेच पाहिलेले नसते.

सॉफ्टवेअर हात टेकते तिथून मराठी संपादकाचे कसब सुरू होते, आणि टक्केवारीच्या खिडकीपेक्षा ते कितीतरी जुने आहे. जागा कमी पडली की 'आणि'चा 'व' करायचा. जागा उरली की 'व'चा 'आणि', अगदीच उरली तर 'तसेच'. 'परंतु'चा 'पण', 'पण'चा 'मात्र'. जिल्ह्यातला पुढारी भाषणात 'म्हणाला' की त्याने 'सांगितले', की 'ठामपणे स्पष्ट केले', हे त्याच्या आवाजावर नव्हे, तर ओळीत किती जागा रिकामी होती त्यावर पुष्कळदा ठरते. राजकीय विश्लेषकांनी उगाच त्यातून अर्थ काढू नयेत.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो मान. 'पाटलांनी' हा एकच शब्द, त्यात फट नाही. 'पाटील यांनी' म्हटले की शब्द दोन झाले आणि मध्ये हक्काची फट मिळाली. 'श्री. पाटील यांनी' म्हटले की दोन फटी. सातारा-सांगलीत पाटील, कदम, देशमुख, शिंदे यांची टंचाई नाही आणि सगळ्यांना मान हवाच असतो. आदरार्थी बहुवचनाने मराठी रकान्याची जेवढी अब्रू राखली तेवढी कुठल्याच सॉफ्टवेअरने राखलेली नाही. उलट बाजूही आहे. मान वाढवता येतो, कमी करता येत नाही. 'मा. ना.' यातला 'मा.' ओळीच्या शेवटी लटकला आणि मंत्री खालच्या ओळीत गेले तर ते चालवून घ्यावे लागते; 'मा.' काढून ओळ जमवणाऱ्या उपसंपादकाला दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी जागा शोधावी लागते.

हा सगळा प्रकार वर्षातून एकदा शिगेला पोचतो. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, सोसायट्या, बँका. या दोन जिल्ह्यांत संस्थांना तोटा नाही, आणि प्रत्येकीचा अहवाल छापायचा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डीटीपीवाल्याच्या दारात सचिवांची रांग लागते. अहवालाची पहिली पाने सोपी असतात. संचालकांचे फोटो, खाली नावे मध्यभागी. मध्यभागी लावलेल्या मजकुराला फटींची बाधा होत नाही. ताळेबंद आकड्यांचा असतो. मग येतो पोटनियम दुरुस्तीचा तक्ता.

या तक्त्यात तीन खाने: सध्याचा पोटनियम, सुचवलेली दुरुस्ती आणि दुरुस्तीचे कारण. ए-फोर आकाराच्या पानात, दोन्ही बाजूंचा समास सोडून, एका खान्याच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर येतात. मजकूर असा: 'संस्थेच्या कार्यक्षेत्रातील सभासदांच्या कर्जमर्यादेसंदर्भातील तरतुदींमध्ये'. यातल्या एकाही शब्दाला शेजारी सहन होत नाही. सचिव पडद्याकडे बघून म्हणतात, "भाऊ, हे असं फाकलंय का?" ऑपरेटर म्हणतो, "अण्णा, कडा सरळ पाहिजेत म्हणालात." अण्णा क्षणभर विचार करतात आणि तोडगा काढतात, "मग कडा सरळच राहू द्या, मधलं तेवढं जवळ घ्या."

मधले जवळ घेऊन कडा सरळ ठेवायचा मार्ग नुथलाही सापडलेला नाही.

पत्त्याचे हाल निराळे. 'मु. पो. औंध, ता. खटाव, जि. सातारा' हा पत्ता परिच्छेदाच्या मध्येच नव्या ओळीवर आणायला ऑपरेटर शिफ्ट-एंटर मारतो. सॉफ्टवेअरच्या मते ओळ संपली, परिच्छेद संपलेला नाही, म्हणून ती ओळ ताणायचीच. 'मु. पो. औंध' एवढेच असलेल्या ओळीत 'मु.' डाव्या कडेला जातो, 'पो.' मध्यावर लोंबकळतो आणि औंध उजव्या कडेला पोचते. पोस्टमन तेवढे अंतर सायकलवरून काटतो, वाचकाला ते डोळ्यांनी काटावे लागते. आद्याक्षरांचे तसेच. 'शं. वा. किर्लोस्कर' सैल ओळीत सापडले की 'शं.' एकीकडे, 'वा.' दुसरीकडे. यावर ठरलेल्या रुंदीची न तुटणारी स्पेस हा रामबाण उपाय आहे. ती ताणली जात नाही आणि नावाची दोन ओळींत ताटातूटही होऊ देत नाही. इनडिझाइनच्या टाइप मेनूत पांढऱ्या जागांची स्वतंत्र यादीच आहे. पण तिथे जाण्यापेक्षा स्पेसबार दोनदा बडवणे हाताला सोपे वाटते, आणि दोनदा बडवलेला स्पेसबार ताणल्यावर दुप्पट फाकतो.

तरीही मराठी मजकूर सुरेख बसवता येतो, आणि त्याला फार मोठी विद्या लागत नाही. भाषा 'मराठी' नेमून शब्द तोडायची सोय चालू करावी; आजोबांच्या पुस्तकांत तुटलेले शब्द वाचून कोणाचे मराठी बिघडले नव्हते. मात्र माणसांच्या आणि गावांच्या नावांना त्यातून सूट द्यावी. अक्षरांतले अंतर तिन्ही खान्यांत शून्य ठेवावे. त्याऐवजी अक्षराच्या रुंदीला ९८ ते १०२ टक्के इतकी सवलत द्यावी. जर्मन अक्षरकार हरमान झाफ यांच्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली आणि मराठीला ती विशेष मानवते, कारण अक्षर किंचित रुंद झाले तरी शिरोरेषा अखंड राहते. एकट्या शब्दाची सोय 'पूर्ण ताणा'वरून 'डावीकडे' करावी. ओळीत आठ-नऊ शब्द मावत असतील, जसे कादंबरीत मावतात, तर दोन्ही कडा बेलाशक सरळ ठेवाव्यात. त्याहून कमी मावत असतील तर उजव्या कडेचा नाद सोडावा. डाव्या बाजूने लावलेला, उजवीकडे जसा येईल तसा सोडलेला मजकूर ओबडधोबड दिसतो ही समजूत आहे. त्यातली प्रत्येक फट सारखी असते, आणि डोळा अडखळतो तो फटींवर, कडेवर नाही.

तेव्हा सातारा-सांगलीतल्या तमाम चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सचिवांना विनंती. येत्या वर्षी पोटनियमांचा तक्ता डीटीपीवाल्याकडे द्याल तेव्हा 'कडा सरळ' हे दोन शब्द गिळून टाका. तक्ता डावीकडून लावायला सांगा. सभेत एखादा सभासद उठून उजवी कड वाकडी का, असे विचारील अशी भीती वाटत असेल, तर निर्धास्त राहा. त्याने अहवाल शेवटून उघडलेला असतो, आणि तो लाभांशाची टक्केवारी शोधत असतो.